सांगलीचं नाव नंदुरबारच्या ठिपक्यावर: स्कॅटर चार्टवरची लेबलं सरकतात तेव्हा काय करायचं

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि त्याचे दोन भाग ठरलेले असतात. पहिल्या दिवशी विचारतात, "एक्सेलमध्ये स्कॅटर चार्ट काढला, ठिपके आले, पण कुठला ठिपका कुणाचा तेच कळत नाही. नावं कशी टाकायची?" कुणीतरी सांगतं, टेक्स्ट बॉक्स टाक. आठवड्याने तीच व्यक्ती परत येते: "नावं टाकली होती, पण आता ती भलत्याच ठिपक्यांवर बसली आहेत." पहिल्या प्रश्नाला घाईत दिलेल्या उत्तरातून दुसरा प्रश्न जन्माला येतो. म्हणून इथे दोन्ही एकत्र घेते.

मी भूगोलाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेते. स्कॅटर चार्ट (तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचा, तिच्या दोन आकड्यांवरून काढलेला एक ठिपका) शिकवताना माझा तक्ता नेहमी एकच असतो: २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे जिल्हे. ए रकान्यात जिल्ह्याचं नाव, बी मध्ये साक्षरता टक्क्यांत, सी मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. पहिली ओळ शीर्षकाची, खाली ३५ जिल्हे. (३६ नाहीत. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या तक्त्यात त्याची वेगळी ओळ नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण चार्ट दाखवला की कुणीतरी पालघर शोधतंच.)

हाच तक्ता का, तर नावांशिवाय चार्ट किती मुका असतो ते यात लगेच दिसतं. पस्तीस ठिपक्यांचा एक ढग, एक ठिपका सगळ्यांच्या खूप वर, दोन ठिपके उजवीकडे तळाशी. नावं घातली की वरचा ठिपका रत्नागिरी निघतो, दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. तळाचे दोन म्हणजे मुंबई शहर ८३२ आणि मुंबई उपनगर ८६०. मग वर्गातली कोकणातली मुलं स्वतःच बोलायला लागतात. पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी मुंबईला गेला, बायकामुलं गावी राहिली. रत्नागिरीचा ठिपका ज्याने वर ढकलला, त्यानेच मुंबईचा खाली ओढला. दोन टोकांचे ठिपके एकाच घराची गोष्ट सांगतात, पण नाव नसेल तर ती कुणालाच ऐकू येत नाही. आणि नाव चुकीचं असेल तर चार्ट चक्क खोटं बोलतो.

तसं एकदा झालं. एका बैठकीसाठी मी याच तक्त्याचा चार्ट केला होता. प्रत्येक ठिपक्याचं लेबल उघडून त्यात हाताने नाव टाइप केलं, पस्तीस वेळा. सगळं नीट होतं. बैठकीच्या सकाळी कुणीतरी म्हणालं, तक्ता साक्षरतेच्या उतरत्या क्रमाने लावा, वाचायला सोपा जाईल. मी क्रम लावला, प्रिंट काढल्या, वाटल्या. दहा मिनिटांनी सांगलीकडचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्या सांगलीची साक्षरता चौसष्ट टक्के? हे कुठून आणलंत?"

चार्टवर खरोखर तसंच होतं. जनगणनेच्या यादीत महाराष्ट्राचा पहिला जिल्हा नंदुरबार आणि शेवटचा सांगली. उतरत्या क्रमाने लावल्यावर पहिल्या ओळीत ८९.९१ टक्क्यांचं मुंबई उपनगर आलं आणि शेवटच्या ओळीत ६४.३८ टक्क्यांचं नंदुरबार. ठिपके बरोबर हलले, नावं मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे राज्यातल्या सर्वाधिक साक्षर जिल्ह्यावर "नंदुरबार" लिहिलेलं आणि सर्वांत कमी साक्षर जिल्ह्यावर "सांगली". मधल्या नावांचीही तीच गत. त्या गृहस्थांनी विचारलं नसतं तर तो कागद तसाच पुढे गेला असता, आणि ते आजही मला टोचतं.

असं का होतं

एक्सेल ठिपक्याला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं. पहिल्या ओळीचा तो पहिला ठिपका, दुसऱ्या ओळीचा तो दुसरा. तुम्ही लेबलमध्ये हाताने "सांगली" टाइप केलं, की एक्सेल लक्षात ठेवतं: पस्तिसाव्या ठिपक्याचं लेबल "सांगली". उद्या पस्तिसाव्या ओळीत कुणीही आलं तरी त्याच्या डोक्यावर सांगलीच. ही एक्सेलची चूक नाही. त्याला जे सांगितलं तेच ते करतंय.

टेक्स्ट बॉक्सची गोष्ट याहून वाईट. त्याचा ठिपक्याशी काडीचा संबंध नसतो. चार्ट निवडलेला असताना टेक्स्ट बॉक्स टाकला तर तो निदान चार्टबरोबर हलतो. चार्ट निवडलेला नसेल तर तो शीटवरच पडतो आणि चार्ट सरकवला की मागे राहतो. पण दोन्ही बाबतींत आकडा बदलून ठिपका हलला तर बॉक्स जागचा हलत नाही. चार्टवर "ही राज्याची सरासरी" अशी एखादी टीप द्यायची असेल तर टेक्स्ट बॉक्स ठीक. ठिपक्याच्या नावासाठी तो कधीच वापरू नका.

मुळातला उपाय: नाव सेलमधून घ्या

एक्सेल २०१३ पासून ही सोय आहे, तरी अनेकांना ती माहीत नसते. कारण ती उजव्या बाजूच्या पट्टीत आत दडलेली आहे.

आधी फक्त बी आणि सी हे आकड्यांचे दोन रकाने निवडा, नावांचा रकाना घेऊ नका. "इन्सर्ट" मधून स्कॅटर चार्ट काढा. कुठल्याही एका ठिपक्यावर राइट क्लिक करून "ॲड डेटा लेबल्स" म्हणा. ठिपक्यांशेजारी आकडे येतील, ते येऊ द्या. आता त्यातल्या एका आकड्यावर राइट क्लिक करा आणि "फॉरमॅट डेटा लेबल्स" उघडा. उजवीकडच्या पट्टीत "लेबल ऑप्शन्स" खाली सगळ्यात वर "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" असा चौकोन आहे. त्यात टिक करा, म्हणजे एक छोटी खिडकी रेंज मागेल. ए२ पासून ए३६ पर्यंतचे सेल निवडून ओके. मग "वाय व्हॅल्यू" ची टिक काढा, नाहीतर नाव आणि आकडा दोन्ही चिकटून दिसतील.

आता तक्ता कसाही लावा. पूर्ण ओळी एकत्र हलल्या की पस्तिसाव्या ठिपक्याला पस्तिसाव्या ओळीतलंच नाव मिळतं. एक काळजी मात्र घ्या: क्रम लावताना तिन्ही रकाने निवडलेले हवेत. फक्त बी आणि सी निवडून सॉर्ट केलं तर नावं तक्त्यातच अनाथ होतात, आणि मग चार्टला दोष देऊन उपयोग नाही.

सगळी नावं एका घराने सरकली असतील

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली आहे. रेंज निवडताना शीर्षकाची ओळही आत येते, म्हणजे ए२ ऐवजी ए१ पासून. मग पहिल्या ठिपक्यावर "जिल्हा" हे शीर्षक बसतं, दुसऱ्यावर पहिल्याचं नाव, तिसऱ्यावर दुसऱ्याचं, आणि सगळी रांग खाली ढकलली जाते.

हे इतकं धोक्याचं का, ते याच तक्त्यात बघा. जनगणनेच्या क्रमात मुंबई उपनगर, मुंबई, रायगड असे लागून येतात, आणि पुढे सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. नावं एका घराने सरकली की ८३२ च्या ठिपक्यावर "मुंबई उपनगर" येतं. बघणाऱ्याला काहीच खटकत नाही, मुंबईच तर आहे. १०३६ वर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या ठिपक्यावर, "रत्नागिरी" येतं. तेही पटण्यासारखं, कोकणच तर आहे. फक्त ११२२ वर "सातारा" दिसतो, आणि ज्याला माहीत आहे तोच थबकतो. शेजारचे जिल्हे यादीत शेजारी असतात, म्हणून एका घराची चूक डोळ्यांना सहज फसवते.

तपासायची माझी पद्धत अशी: चार्टवर "जिल्हा" हा शब्द कुठे दिसतो का ते शोधायचं. दिसला की निदान झालं. मग दोन्ही टोकांचे दोन ठिपके आणि मधला कुठलाही एक धरायचा, त्यावर माउस नेऊन जे आकडे दिसतात ते तक्त्यातल्या त्या नावाच्या ओळीशी जुळवायचे. तीन जुळले तर मी निश्चिंत होते. दुरुस्तीसाठी "फॉरमॅट डेटा लेबल्स" मध्ये "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" शेजारच्या "सिलेक्ट रेंज" वर क्लिक करून रेंज पुन्हा द्यायची.

शेवटच्या एकदोन ठिपक्यांनाच नाव नसेल तर रेंज तोकडी पडली आहे. तक्त्याच्या अगदी तळाशी नवी ओळ जोडली की असं होतं. ओळ मध्येच कुठेतरी घातली तर रेंज आपोआप वाढते.

आडव्या अक्षावर साक्षरतेऐवजी १, २, ३ येत असतील

लेबलांच्या आधीची ही अडचण आहे, पण नावं टाकायच्या नादातच होते. नावांचा रकाना धरून तिन्ही रकाने निवडले आणि स्कॅटर काढला, तर एक्सेल पहिला रकाना आडव्या अक्षासाठी घेतं. तिथे मजकूर दिसला की ते आकडे सोडून १, २, ३ असा ओळक्रमांक लावतं. चार्टमध्ये दोन रांगा दिसतात: खाली ऐंशीच्या आसपास साक्षरता, वर हजाराच्या आसपास स्त्री-पुरुष प्रमाण. असं चित्र दिसलं की चार्ट पुसून फक्त आकड्यांचे रकाने निवडून नव्याने काढा.

आणखी चोरटी गोष्ट म्हणजे, रकाना बरोबर निवडला असला तरी आडव्या अक्षाच्या आकड्यांत एकच सेल मजकूर असेल, तर सगळी मालिका, म्हणजे ठिपक्यांचा पूर्ण संच, १, २, ३ वर जाते. पस्तिसातला एक सेल पुरतो. "८२.१८ टक्के" असं कुणी सेलमध्येच लिहिलेलं असतं, किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यामागे न दिसणारी स्पेस असते. ही स्पेस ट्रिम फंक्शनने जात नाही, कारण ती साधी स्पेस नसतेच. तीच स्पेस कॉपी करून फाइंड-रिप्लेसच्या खिडकीत टाका आणि रिकाम्याने बदला. कुठला सेल बिघडलाय ते शोधायला शेजारच्या रकान्यात इझनंबर (ISNUMBER) फंक्शन खालपर्यंत ओढा, सेलमध्ये खरा आकडा आहे का ते सांगतं. फॉल्स आला तो गुन्हेगार. आकडे देवनागरीत टाइप केले असतील तर ही तपासणी सगळ्यात आधी करा.

उभ्या अक्षाच्या आकड्यात मजकूर असेल तर एक्सेल तो शून्य धरतं आणि ठिपका तळाला जातो. अक्ष ८०० पासून सुरू केला असेल तर तो ठिपका दिसतही नाही. म्हणून एकदा ठिपके मोजाच. पस्तीस ओळी, पस्तीस ठिपके.

नावं एकमेकांवर चढली असतील

इथे सगळे जण फाँट बारीक करायला धावतात. नका करू. आधी अक्ष बघा.

एक्सेलचा अक्षाबद्दल एक नियम आहे: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर मोठ्या आकड्याच्या साधारण सोळा-सतरा टक्क्यांहून जास्त असेल, तर अक्ष शून्यापासून सुरू होतो. आपल्या तक्त्यात स्त्री-पुरुष प्रमाण ८३२ ते ११२२, म्हणजे अंतर पंचवीस टक्क्यांच्या वर. साक्षरता ६४ ते ९०, तीही तशीच. त्यामुळे दोन्ही अक्ष शून्यापासून, आणि पस्तीसच्या पस्तीस ठिपके वरच्या उजव्या कोपऱ्यात मुठीएवढ्या जागेत कोंबलेले. तीन-चतुर्थांश चार्ट रिकामा! अशा गर्दीत नावं चढणार नाहीत तर काय?

उभ्या अक्षावर डबल क्लिक करून मिनिमम ८०० आणि मॅक्सिमम ११५० करा. आडव्याला ६० आणि ९५. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त नावं सुटी होतात. कुणी म्हणेल, अक्ष शून्यापासून नसेल तर फसवणूक होते. स्तंभालेखात ते खरं आहे, कारण तिथे आपण उंचीची तुलना करतो. ठिपक्यांच्या चार्टमध्ये आपण जागा बघतो, म्हणून इथे अक्ष कापायला हरकत नाही. कापलाय हे अक्षावरच्या आकड्यांत स्पष्ट दिसलं पाहिजे, एवढंच.

तरीही काही जोड्या चिकटून राहतील. कोल्हापूर आणि सांगली बघा: साक्षरता दोघांची ८१.५ च्या आसपास, प्रमाण ९५७ आणि ९६६. ठिपके जवळजवळ एकमेकांना टेकलेले. स्कॅटर चार्टमध्ये एक्सेल स्वतःहून लेबलं बाजूला करत नाही, ते काम आपलंच. एका लेबलावर एकदा क्लिक केलं की सगळी निवडली जातात. जरा थांबून त्यावरच पुन्हा क्लिक केलं की तेवढं एकच निवडलं जातं. हे दोन क्लिक घाईत केले तर डबल क्लिक होतो, म्हणून सावकाश. मग "लेबल पोझिशन" मध्ये सांगलीला वर आणि कोल्हापूरला खाली द्या. मुंबई शहर आणि उपनगराला मी डावीकडे ठेवते, कारण ते दोन्ही उजव्या कडेला आहेत आणि उजवीकडे नाव दिलं तर कडेबाहेर जातं.

अगदीच दाटी असेल तर लेबल माउसने ओढून मोकळ्या जागेत न्या. "शो लीडर लाइन्स" ला टिक असेल तर लेबलापासून ठिपक्यापर्यंत बारीक रेघ येते. ओढलेली जागासुद्धा ठिपक्याच्या क्रमांकालाच चिकटते, नावाला नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ओढाओढ करून झाल्यावर तक्ता पुन्हा सॉर्ट केला तर नावं बरोबर राहतील, पण सांगलीसाठी केलेली जागा दुसऱ्याच कुणाला मिळेल. म्हणून आधी क्रम पक्का करा, मग अक्ष, आणि लेबलं ओढायचं काम सगळ्यात शेवटी.

सगळ्यांना नाव देऊच नका

माझं स्पष्ट मत आहे की पस्तीस नावांचा चार्ट वर्गात शिकायला चांगला, पण लोकांना दाखवायला सहा-सात नावं पुरतात. बाकीचे ठिपके करडे, नाव फक्त ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांना. डोळा थेट तिथे जातो.

नको असलेली लेबलं एकेक पुसत बसू नका. उद्या आकडे बदलले की ते काम परत करावं लागेल. डी रकान्याला "लेबल" असं नाव द्या आणि त्यात इफ फंक्शन लिहा: सी मधला आकडा १००० पेक्षा मोठा किंवा ९०० पेक्षा लहान असेल तर ए मधलं नाव, नाहीतर अवतरणचिन्हांची रिकामी जोडी. मग "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" ला ए ऐवजी डी ची रेंज द्या. या अटीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, दोन्ही मुंबई आणि ८८६ चं ठाणे एवढेच नावासकट दिसतात. हद्दीचे आकडे मी वेगळ्या दोन सेलमध्ये ठेवते, म्हणजे अट बदलायला फॉर्म्युला उघडावा लागत नाही.

ठिपक्याचा रंगही वेगळा हवा असेल तर दुसरी मालिका करा. ई रकान्यात तीच अट, पण नावाऐवजी सी मधला आकडा, आणि अट न जुळल्यास एनए फंक्शन. त्या सेलमध्ये चूक दाखवणारं चिन्ह येईल, घाबरू नका, तेच हवंय: एनए असलेला ठिपका स्कॅटरमध्ये काढलाच जात नाही. तिथे रिकामी अवतरणचिन्हं ठेवली तर मात्र तो मजकूर धरला जातो आणि शून्यावर ठिपका येतो. नावासाठी रिकामी जोडी, आकड्यासाठी एनए, यांची अदलाबदल करू नका. ई ची मालिका "सिलेक्ट डेटा" मधून जोडा, ठिपके गडद लाल करा, आणि लेबलं फक्त याच मालिकेला द्या.

हेच काम फिल्टर लावून करायचा मोह होतो. सेलमधून घेतलेली नावं फिल्टरनंतर ठिपक्यांशी जुळेनाशी झालेली मी पाहिली आहेत. म्हणून मी फिल्टरऐवजी हा अटीचा रकानाच वापरते.

मराठी नावांच्या खास अडचणी

सेलमध्ये छान मराठी दिसतं आणि चार्टवर मात्र इंग्रजी अक्षरांची विचित्र खिचडी उमटते. ही तक्रार जुन्या फायलींतून येते. त्या नावांचा फाँट बघा: कृतिदेव किंवा श्रीलिपीचा एखादा निघेल. त्या फाँटमध्ये सेलच्या आत खरी अक्षरं इंग्रजीच असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. लेबल सेलमधला मजकूर घेतं, सेलचा फाँट घेत नाही, म्हणून मुखवटा गळतो. तात्पुरतं काम भागवायचं तर लेबलं निवडून त्यांना तोच फाँट द्या. खरा उपाय म्हणजे नावं युनिकोडमध्ये आणणं, म्हणजे सेलच्या आतही खरी मराठी अक्षरंच राहतात. पस्तीसच आहेत, हाताने पुन्हा टाइप केली तरी पंधरा मिनिटांचं काम. ते एकदाच करावं लागतं, आणि ती फाइल मग कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडते.

दुसरी अडचण लांब नावांची. "छत्रपती संभाजीनगर" चार्टवर अर्धा ढग झाकतं किंवा भलत्याच जागी तुटतं. लेबलच्या रकान्यात, त्या सेलमध्ये, दोन शब्दांच्या मध्ये ऑल्ट धरून एंटर दाबा. चार्टवरचं नाव तिथेच दोन ओळींत येतं. लेबलसाठी वेगळा रकाना असावा हा आग्रह यासाठीही. २०११ च्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर अशी नावं आहेत. पहिली दोन २०२३ मध्ये बदलली, तिसरं २०२४ मध्ये. मूळ ए रकान्याला हात लावला तर व्हीलूकअप, म्हणजे नावावरून दुसऱ्या तक्त्यातला आकडा शोधणारे फॉर्म्युले, तुटतात. मूळ नाव ए मध्ये राहू द्या, दाखवायचं नाव वेगळं लिहा.

फाँट म्हणाल तर मला लेबलांसाठी निर्मला यूआय आवडतो. लहान आकारातही मात्रा आणि वेलांट्या स्पष्ट राहतात. मंगलमध्ये ओळीची उंची जास्त जाते आणि दोन ओळींची लेबलं उगाच फुगतात.

जुनं एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस

तुमची फाइल दुसऱ्याकडे गेली आणि सगळ्या ठिपक्यांवर नावाऐवजी चौकोनी कंसात इंग्रजीत "सेलरेंज" असं आलं, तर समोरच्याकडे एक्सेल २०१० किंवा त्याआधीचं आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. त्या आवृत्त्यांना ही सोय समजत नाही. त्यांना चार्ट चित्र म्हणून पाठवा. आणि ज्यांना काम करायचंच जुन्या एक्सेलवर आहे, त्यांनी एकेक लेबल निवडून फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाइप करायचं आणि नावाच्या सेलवर क्लिक करून एंटर मारायचा. पस्तीस वेळा करावं लागतं, पण टाइप केलेल्या नावासारखं ते गोठत नाही, सेल बदलला की लेबल बदलतं. रॉब बोव्ही यांचं "एक्सवाय चार्ट लेबलर" हे फुकट ॲड-इन हे काम एका दमात करतं.

गूगल शीट्समध्ये चार्ट एडिटरच्या "सेटअप" टॅबमध्ये "सिरीज" खाली मालिकेच्या नावाशेजारी तीन उभे ठिपके आहेत. त्यांवर क्लिक करून "ॲड लेबल्स" निवडा आणि नावांची रेंज द्या. नावाऐवजी आकडाच दिसत राहिला तर "कस्टमाइझ" मध्ये "सिरीज" खाली डेटा लेबल्सचा प्रकार "कस्टम" करा.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये चार्टवर डबल क्लिक करून राइट क्लिकने "डेटा रेंजेस" उघडा. "डेटा सिरीज" टॅबच्या तळाशी "डेटा लेबल्स" ची रिकामी चौकट असते. नावांची रेंज तिथे. मग मालिकेला लेबलं लावताना "व्हॅल्यू" ची टिक काढून "कॅटेगरी" ला टिक करा. शब्द कॅटेगरी असला तरी नावं येतात ती या चौकटीतली. इथेच बहुतेक लोक अडतात.

सगळं जमलं होतं आणि अचानक लाल ठिपके गेले

हा फोन हमखास येतो. फाइल देताना कुणीतरी तक्ता नेटका दिसावा म्हणून ई रकाना लपवलेला असतो. एक्सेल लपवलेल्या ओळी आणि रकाने चार्टमध्ये काढत नाही, म्हणून दुसरी मालिका गायब होते आणि तिच्याबरोबर तिची नावंही. चार्टवर राइट क्लिक करून "सिलेक्ट डेटा", त्या खिडकीत खाली डावीकडे "हिडन अँड एम्प्टी सेल्स", आणि तिथे "शो डेटा इन हिडन रोज अँड कॉलम्स" ला टिक. ठिपके परत येतात. मी तर डी आणि ई हे दोन रकाने लपवतच नाही. चार्टच्या मागे वेगळ्या शीटवर ठेवते आणि शीर्षकाच्या सेलमध्ये लिहून ठेवते: "चार्टवरची नावं इथून येतात, पुसू नका."